मुका झालेला हॉर्न

जपानमध्ये मोटारीचा हॉर्न बंद पडला, तर ते रस्त्यावर क्वचितच कळते. कळते ते शाकेनच्या दिवशी. शाकेन म्हणजे तिथली सक्तीची वाहन तपासणी. नवी खाजगी मोटार घेतल्यावर पहिली ३ वर्षांनी आणि त्यानंतर दर २ वर्षांनी. तपासनीस गाडीसमोर उभा राहतो, दिवे लावायला सांगतो, वायपर फिरवायला सांगतो आणि मग हॉर्न वाजवायला सांगतो. मालक स्टिअरिंगच्या मधोमध अंगठा दाबतो आणि काहीच होत नाही. हॉर्न गेल्या आठवड्यात गेला की मागच्या हिवाळ्यात, हे त्या बिचाऱ्याला सांगता येत नाही, कारण मधल्या काळात त्याने तो एकदाही वाजवलेला नसतो.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे नवल वाटेल. आपल्याकडे हॉर्न गेला तर पुढच्या चौकात समजते आणि माणूस ऑफिसला जायच्या आधी गॅरेज गाठतो. जपानमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांचीही पहिल्या काही महिन्यांत ही सवय सुटते. गाडी तशीच डावीकडून चालते, स्टिअरिंग तसेच उजवीकडे असते, पण हॉर्नवरचा हात मात्र उचलावा लागतो. चांगलीच गोष्ट आहे. फक्त तिच्यासोबत एक जबाबदारी येते: जी वस्तू रोज वापरली जात नाही, ती चालू आहे की नाही हे मुद्दाम बघावे लागते. आणि न वाजणारा हॉर्न कधी कधी हॉर्नपेक्षा फार मोठ्या बिघाडाची खबर देत असतो. त्याबद्दल पुढे सविस्तर.

आधी कायदा. जपानचा रस्ते वाहतूक कायदा १९६० सालचा. त्याच्या ५४ व्या कलमात हॉर्नचे दोन भाग केले आहेत. जिथे तशी पाटी असेल तिथे, म्हणजे समोरचे न दिसणारे वळण, चढाचा माथा, आंधळा चौक अशा ठिकाणी, हॉर्न वाजवलाच पाहिजे. बाकी सगळीकडे तो वाजवायचा नाही. अपवाद फक्त अपघात टाळण्यासाठी दुसरा इलाज नसेल त्या क्षणाचा. विनाकारण वाजवला तर ३,००० येन दंड. उलट पाटी असून वाजवला नाही तर साध्या मोटारीला ६,००० येन आणि परवान्यावर १ दोषगुण. न वाजवण्याची शिक्षा वाजवण्याच्या दुप्पट आहे, हे मला फार शहाणपणाचे वाटते. हॉर्न हे धोक्याचा इशारा देण्याचे साधन मानले की असाच हिशेब निघतो. पाटी निळी, गोल, तिच्यावर विजेसारखी पांढरी नागमोडी खूण. तिला ‘केइतेकी नारासे’ म्हणतात, हॉर्न वाजवा. आपल्या घाटातल्या पाट्यांचीच ती बहीण.

जून २०२० मध्ये तिथे दुसऱ्याला छळणाऱ्या ड्रायव्हिंगसाठी स्वतंत्र शिक्षा आली. त्यात मोजलेल्या १० प्रकारांमध्ये मागे लागून सतत हॉर्न वाजवणेही आहे. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख येनपर्यंत दंड, वर परवाना रद्द. त्यामुळे रस्ता देणाऱ्याचे आभारसुद्धा लोक हॉर्नने मानत नाहीत. चारही इंडिकेटर दोनदा मिचकावले की झाले. मुंबई पोलिसांनी २०२० च्या सुरुवातीला ८५ डेसिबलच्या वर गोंगाट गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजणारा सिग्नल दाखवला होता आणि त्याआधी २०१५ मध्ये महाराष्ट्राने ट्रकच्या पाठीवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’ला मनाई केली होती. दिशा तीच, पण तो प्रवास आपल्याला अजून करायचा आहे.

आता हॉर्नच्या पोटात काय असते ते पाहू, म्हणजे बिघाड शोधणे सोपे जाईल. आत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, त्याच्यासमोर पातळ पोलादी पडदा आणि या दोघांना जोडणारे धातूचे दोन पॉइंट. वीज आली की वेटोळ्याचे चुंबक होते आणि ते पडद्याला ओढते. पडदा ओढला गेला की त्याच हालचालीने पॉइंट उघडतात, वीज तुटते, चुंबकत्व जाते आणि पडदा उसळून मागे येतो. पॉइंट पुन्हा जुळतात आणि वीज पुन्हा वाहते. हे चक्र सेकंदाला साधारण ४०० ते ५०० वेळा फिरते, आणि तोच आपल्याला ऐकू येणारा सूर. छोट्या गाड्यांना, जपानच्या पिवळ्या नंबरप्लेटच्या केइ मोटारींना तर हमखास, एकच चपटा हॉर्न असतो. मोठ्या गाड्यांना दोन असतात, एक खर्जाचा आणि एक चढ्या सुराचा. ते शंखासारखे वळलेले असतात. दोघांपैकी एक गेला तर आवाज येत राहतो, फक्त तो चिरका किंवा पोकळ होतो. ‘हॉर्नचा आवाज बसलाय’ असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा जोडीतला एक मेलेला असतो.

पॉइंट हा यातला नाजूक भाग. आपल्याकडे ते जास्त वाजवल्याने जळतात, त्यांच्यावर खड्डे पडतात. जपानमध्ये उलटे घडते. महिनोन्‌महिने वीज न गेल्याने पॉइंटांवर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, दमटपणाने पडदा गंजतो. होक्काइदो, तोहोकू, नीगाता या बर्फाळ भागांत हिवाळाभर रस्त्यावर मीठ आणि कॅल्शियम क्लोराइड टाकतात. हॉर्न पुढच्या जाळीमागे, थेट त्या खारट शिंतोड्यांच्या वाटेवर बसवलेला असतो. तिथल्या गाडीचा हॉर्न उघडून पाहिला तर दोष बहुधा गंजाचा निघतो: कपलरमधल्या पिना हिरव्या झालेल्या, बसवायच्या पट्टीचा बोल्ट लाल झालेला.

बिघाड शोधायला पानेही लागत नाहीत, आधी कान लागतात. इंजिन बंद, इग्निशन चालू, बॉनेट उघडा. एकाने हॉर्न दाबायचा, दुसऱ्याने फ्यूजच्या डबीजवळ कान लावायचा. बहुतेक गाड्यांत हॉर्नचे बटण हॉर्नला थेट वीज देत नाही. एका हॉर्नला ३ ते ५ अँपिअर लागतात, तेवढी वीज स्टिअरिंगमधल्या बारीक तारेतून नेणे बरे नाही. म्हणून बटण फक्त रिलेला जागे करते आणि रिले जाड तारेने हॉर्नला वीज पुरवते. दाबल्यावर रिलेचा ‘टिक’ ऐकू आला, पण हॉर्न गप्प, तर बटण, स्टिअरिंग आणि त्यातली तार ठीक आहे. दोष रिलेच्या पॉइंटांत किंवा त्याच्या पुढे आहे. ‘टिक’च आला नाही तर दोष रिलेत किंवा त्याच्या मागे. या एका आवाजाने निम्मी गाडी तपासणीतून बाद होते. अनुभवी मेकॅनिक हीच गोष्ट सर्वांत आधी करतो, आणि नवखा मात्र थेट नवा हॉर्न आणून बसवतो.

फ्यूज त्याआधी पाहून घ्यावा, कारण ते दोन मिनिटांचे काम आहे. डबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कोणता फ्यूज कशाचा याचा नकाशा असतो. हॉर्नचा बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा. काही जुन्या टोयोटा गाड्यांत हॉर्न आणि हॅझर्डचे दिवे एकाच फ्यूजवर असायचे. तिथे आभाराचे इंडिकेटर मिचकले नाहीत की हॉर्नही गेला असे समजायला हरकत नाही. फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा बसवा. जास्तीचा बसवला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळेल. नवा फ्यूज बटण दाबताच पुन्हा उडाला, तर कुठेतरी तार पत्र्याला लागून शॉर्ट आहे किंवा हॉर्नच आतून शॉर्ट झाला आहे. गाडीला समोरून धक्का बसून काम झाले असेल, तर रेडिएटरच्या पुढच्या पट्टीजवळ दबलेली तार आधी शोधावी.

रिलेची शंका असेल तर डबीतला त्याच नंबरचा दुसरा रिले अदलाबदल करून बघता येतो. नंबर मात्र अगदी तोच हवा.

‘टिक’ येतो आणि आवाज नाही, अशा वेळी हॉर्नचा कपलर काढून टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावायचा. बटण दाबल्यावर १२ व्होल्टच्या आसपास वीज येत असेल, तर तारेचे काम झाले. उरले दोन संशयित, हॉर्न आणि अर्थिंग. एकाच पिनेचा हॉर्न असेल तर त्याची अर्थिंग तो ज्या पट्टीवर बसवला आहे त्या पट्टीतूनच होते. बोल्ट काढा, पत्रा आणि पट्टी तारेच्या ब्रशने चकचकीत घासा, पुन्हा आवळा. बर्फाळ भागातल्या कितीतरी गाड्या एवढ्यावर बोलू लागतात. तरीही गप्प असेल तर हॉर्न सोडवून, मध्ये फ्यूज असलेल्या तारेने बॅटरीवरून थेट वीज द्या. वाजला तर तो निर्दोष, नाही वाजला तर बदला. कोणी बटण दाबून धरलेले असताना हॉर्नवर लाकडी मुठीने हलके ठोकले तर पापुद्रा धरलेला हॉर्न कधी कधी अचानक वाजतो. त्याने दोष कळतो, दुरुस्ती होत नाही. तो हॉर्न पुढच्या पावसाळ्यात पुन्हा दगा देणार. मागच्या बाजूला रंगाने बंद केलेला एक स्क्रू असतो, तो फिरवून सूर लावायचा मोह टाळावा.

नव्या गाड्यांत एक अडचण आहे. जाळीमागे हॉर्नच्या शेजारी आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेचा रडार असू शकतो. जपानमध्ये एप्रिल २०२० पासून असा सेन्सर असलेली जाळी किंवा बंपर काढण्याचे काम गॅरेजने करायचे, तर त्याच्याकडे इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या दुरुस्तीची वेगळी मान्यता लागते. रडारचा कोन किंचित बदलला तरी गाडी चुकीच्या अंतरावर ब्रेक लावेल, म्हणून हा नियम. ३,००० येनच्या हॉर्नसाठी कॅलिब्रेशनचा खर्च करावा लागला तर कुरकुर करू नये.

आता तो बिघाड, ज्यासाठी मला हा लेख लिहावासा वाटला. ‘टिक’ येत नाही, फ्यूज आणि रिले ठीक आहेत. किंवा स्टिअरिंग सरळ असताना हॉर्न वाजत नाही आणि डावीकडे वळवले की वाजतो. स्टिअरिंगवरची रेडिओची बटणेही मधूनच झोपतात. हे सगळे एकाच जागेकडे बोट दाखवते: स्टिअरिंगच्या चाकामागची स्पायरल केबल. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तीन ते साडेतीन फेरे फिरते. त्या फिरत्या चाकावरच्या बटणांना स्थिर गाडीतून वीज न्यायची, तर तारा पिळवटून तुटतील. म्हणून एका गोल डबीत चपटी, अनेक तारांची पट्टी गुंडाळलेल्या मोजपट्टीसारखी ठेवलेली असते. चाक फिरले की ती सैल होते किंवा आवळते. वर्षानुवर्षांच्या वळणांनी ती कधीतरी तडकते.

याच पट्टीतून चालकाच्या एअरबॅगची तारही जाते. हॉर्नची तार तुटली तर आवाज जातो. तिच्या शेजारची तुटली तर अपघातात पिशवी फुगत नाही. एप्रिल २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातून जवळजवळ ६४ लाख गाड्या परत बोलावल्या, त्यांतल्या सुमारे ३५ लाख गाड्या या स्पायरल केबलसाठी होत्या. चाक फिरवताना केबल खराब होऊन एअरबॅग निकामी होऊ शकते, असे कारण कंपनीने दिले होते. भारतातही तेव्हा सुमारे ४५,००० गाड्या परत आल्या, त्यांत आपल्या हायवेवरच्या इनोव्हा आणि फॉर्च्युनर होत्या.

म्हणून सांगतो, हॉर्न गेला आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवाही लागला असेल, तर ती हॉर्नची तक्रार समजू नका. गाडी त्याच दिवशी गॅरेजला न्या. घरी चाक उघडायच्या भानगडीत पडू नका. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला मल्टिमीटर लावला तर त्या मोजमापाच्या विजेनेही पिशवी फुटू शकते, आणि ती तोंडासमोर फुटते. मेकॅनिकसुद्धा आधी बॅटरीची ऋण तार काढतो आणि थांबतो. टोयोटाच्या दुरुस्ती-पुस्तिका किमान ९० सेकंद थांबायला सांगतात, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत तेवढा वेळ वीज साठलेली राहते. नवी केबल बसवताना ती बरोबर मध्यावर आणून बसवावी लागते. तशी बसवली नाही, तर एका बाजूच्या शेवटच्या वळणावर ती ताणून तुटते आणि सगळे मुसळ केरात. जपानच्या तपासणी केंद्रांत फेब्रुवारी २०१७ पासून एअरबॅगचा दिवा लागलेली गाडी पुढे घेतच नाहीत. दिव्याची वायर काढून तो विझवणाऱ्यांनाही त्यामुळे चाप बसला, कारण इग्निशन चालू करताना तो क्षणभर लागून विझायला हवा.

शाकेनमध्ये हॉर्न नुसता वाजून भागत नाही. गाडीच्या पुढे ७ मीटरवर आवाज ८७ ते ११२ डेसिबलमध्ये हवा. २००४ च्या आधीच्या गाड्यांना ९० ते ११५ चालतो. सूर एकसारखा, सलग हवा. गाणे वाजवणारा किंवा आवाज बदलणारा हॉर्न नापास. शंका आली तर मशीनने मोजतात, नाहीतर तपासनिसाचे कान. आणि एक मजेशीर अट: हौसेने दुसरे स्टिअरिंग बसवले असेल, तर हॉर्नच्या बटणावर तुतारीची खूण असलीच पाहिजे. ज्याने ती गाडी कधी चालवली नाही, त्यालाही ऐन वेळी बटण सापडावे. किती साधा आणि किती माणसाचा विचार केलेला नियम!

हे हॉर्न बनवणाऱ्या हातांची एक गोष्ट इथे सांगायला हवी. नागानो प्रांतातल्या मारुको गावात मारुको केइहोकी नावाचा मोटारींचे हॉर्न आणि रिले बनवणारा कारखाना. तिथे २८ स्त्रिया वर्षानुवर्षे ‘तात्पुरत्या’ म्हणून राबत होत्या. दोन-दोन महिन्यांचे करार, पुन्हा पुन्हा वाढवलेले, आणि काम कायम स्त्री-कामगारांसारखेच. पगार मात्र कमी. त्या न्यायालयात गेल्या. १५ मार्च १९९६ ला नागानो जिल्हा न्यायालयाच्या उएदा शाखेने निकाल दिला की, तेवढ्याच वर्षांच्या सेवेच्या कायम स्त्री-कामगाराच्या पगाराच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी पगार देणे बेकायदा आहे. अपिलात १९९९ मध्ये तडजोड झाली. समान कामाला समान दाम या विषयावर जपानमध्ये आजही या खटल्याचा दाखला दिला जातो. १०० टक्के का नाही, ८० का, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि माझ्या मते तो रास्त होता.

आता बिघाड होण्याआधीची काळजी. जपानमध्ये मालकाने स्वतः करायच्या नेहमीच्या तपासणीत १५ बाबी आहेत: ब्रेक, टायर, दिवे, वायपर, ऑइल वगैरे. हॉर्न त्यात नाही. रस्त्यावर उगाच वाजवून बघायला कायदा आडवा येतो आणि शेजारीही. मग बघायचा कुठे? सार्वजनिक रस्त्याबाहेर, दिवसाढवळ्या: पेट्रोल पंपावर विचारून, सर्व्हिसला गाडी दिली असताना, स्वतःच्या आवारात. अर्धा सेकंद दाबला तरी पुरतो. चाक सरळ ठेवून एकदा, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून एकेकदा. तिन्ही वेळा आवाज सारखा आला तर पॉइंट आणि अर्थिंगबरोबर केबलचीही परीक्षा झाली. महिन्यातून एकदा एवढे केले तर पॉइंटांवर पापुद्राही धरत नाही. होक्काइदोला फिरायला जाऊन भाड्याची गाडी घेणाऱ्यांनी ती ताब्यात घेताना ओरखड्यांचे फोटो काढतात तसा हॉर्नही आवारातच दाबून पाहावा. पहाडी वळणावर निळी पाटी दिसल्यावर तो मुका आहे हे कळून उपयोग नाही.

उलटा प्रकारही होतो. रिलेचे पॉइंट चिकटतात किंवा बटणाची तार आतून पत्र्याला टेकते, आणि मध्यरात्री निवासी गल्लीत हॉर्न वाजतच राहतो. तेव्हा स्टिअरिंगवर बुक्के मारण्यात वेळ घालवू नये. बॉनेट उघडून हॉर्नचा रिले किंवा फ्यूज उपटावा. तो सापडत नसेल तर बॅटरीची ऋण तार सोडवावी. रिले काढल्यावर आवाज थांबला तर तो रिले बाजूला ठेवून त्याच नंबरचा दुसरा लावून बघावा: गप्प राहिला तर जुना रिले चिकटलेला होता, पुन्हा वाजू लागला तर दोष बटणाच्या तारेत आहे. जमत नसेल तर जाफला, म्हणजे जपानच्या मोटार महासंघाला, आधी हॅशचे बटण दाबून ८१३९ या छोट्या क्रमांकावर फोन करावा. १९६३ पासून ते रात्री-बेरात्री येत आहेत. फ्यूज काढून गाडी चालवावी लागली, तर वाट पाटी नसलेल्या रस्त्यांची धरावी आणि दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडताच पहिला नंबर लावावा.